जुन्या जीपला नवा कार्बोरेटर घेण्याआधी

भुदरगड, आजरा, चंदगडकडे गेलं की एखाद्या खळ्याच्या कडेला पेट्रोलवरची जुनी जीप अजून उभी दिसते. मागचा भाग उघडा करून तिची पिकअप केलेली असते. वैरण, खताची पोती, दुधाचे कॅन, सगळं तिच्यावरच. बऱ्याच जणांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं त्याला जमाना झाला. ज्यांनी बसवलं नाही त्यांची तक्रार मात्र हल्ली एकच ऐकू येते. गाडी चढाला ओढत नाही, मिसिंग करते, सकाळी लवकर चालू होत नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि सांगून मोकळा होतो, "कार्बोरेटर गेला, नवा घाला."

हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो, असे आमचे मत आहे.

कार्बोरेटर म्हणजे काही यंत्रांचं यंत्र नव्हे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं, एवढाच तो खेळ. त्यात झिजतं काय, तर फ्लोटची सुई, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, गॅस्केट आणि बटरफ्लायचा दांडा. दांडा ढिला झाला की कडेने फुकटची हवा शिरते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, गाडी आयडलला थांबत नाही. यावर उपाय नवा कार्बोरेटर नव्हे, पितळी बुश आहे. आपल्या उद्यमनगरात लेथवर हे काम करणारे हात आहेत. ते सोडून चकचकीत डबा बघून खिसा रिकामा करायचा, याला काय म्हणावं?

बॉडीच तडकली असेल, फ्लँज वाकली असेल तर मात्र बदलावाच लागतो. तेव्हा जुना कार्बोरेटर काढून हातात घेऊनच दुकानात जावं. बोल्टच्या भोकांतलं अंतर, गळ्याचा व्यास, लिंकेज कुठल्या बाजूला आहे आणि जेटवरचे आकडे ताडून बघावेत. सोलेक्सच्या मेन जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं, असा तो हिशेब. "मोठा बसवा, लई ओढंल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. त्याच इंजिनावर गळा मोठा केला की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि चढाला गाडी आणखीच धापा टाकते.

आता खरा मुद्दा. पेट्रोलच बदललं आहे. पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग २००१ साली आपल्या शेजारी मिरजेत आणि मनमाडला झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि जळायला त्याला हवाही कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या जीपच्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने देत राहतो, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. १२० च्या जागी १२५ चा जेट लावून प्लगचा रंग बघावा. पांढरा पडला तर अजून पातळ, काळा तर जास्त, तपकिरी आला की जमलं. जेटमध्ये तार घालून भोक वाढवणाऱ्या मिस्त्रीला लांबूनच नमस्कार करावा.

दुसरं म्हणजे रबर. साधं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. म्हणून नवा कार्बोरेटर घ्या की नुसतं किट, पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. तो कां कूं करू लागला तर दुसरं दुकान बघावं.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. उसाचं बिल वेळेवर मिळायला त्याचा हातभार लागतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण ज्याच्या उसाचं इथेनॉल झालं, त्याच्याच जीपचा पडदा त्याने फुगतो आणि खर्च त्याच्याच माथी बसतो, हे कसलं गणित? तेल कंपन्यांनी तालुक्याला निदान एका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवावं. साखर कारखान्यांनी आयटीआयच्या मदतीने गावोगावच्या मिस्त्र्यांना जेट आणि रबराची माहिती द्यावी. यात कुणाची तिजोरी रिकामी होणार नाही.

आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाला बसतं आणि जस्ताची बॉडी आतून पांढरी पडते. गगनबावड्याकडच्या मंडळींनी तर हे जूनच्या आधीच उरकावं.