गटारातला वायू कोण मोजणार? विद्युत रसायनशास्त्र आणि आपली पोरं

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस मेला की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू'. मेलेला बहुतेक वेळा आपलाच असतो. आम्ही निषेध करतो, निवेदन देतो, मोर्चा काढतो. हे सगळं करायलाच हवं. पण तो वायू कोणता, तो कसा मोजतात, आणि मोजणारं यंत्र कोणत्या शास्त्रावर चालतं, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

तो वायू बहुधा हायड्रोजन सल्फाइड असतो. हवा न लागणाऱ्या मैल्यात जीवाणू सल्फेटपासून तो तयार करतात. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि उतरलेल्या माणसाला वाटतं की वायू गेला. म्हणून नाकावर विसंबता येत नाही, यंत्र लागतं. त्या यंत्रात एक छोटा इलेक्ट्रोड आणि आम्लाचा द्रव असतो. वायू पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि वायूच्या प्रमाणात अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो. तो प्रवाह मोजला की आकडा मिळतो.

धातू आणि द्रव जिथे भिडतात त्या सीमेवर काय घडतं, याचा अभ्यास म्हणजे आंतरपृष्ठीय विद्युत रसायनशास्त्र. मोबाइलची बॅटरी, मधुमेहाची पट्टी, लोखंडाचं गंजणं, भांड्यावरचा मुलामा, पाण्यापासून हायड्रोजन, हे सगळं त्या सीमेवरच घडतं. लिथियम-आयन बॅटरीला 2019 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. केंद्र सरकारने 2023 च्या जानेवारीत हरित हायड्रोजन मिशनसाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. पैसा, नोकऱ्या आणि संशोधन या शास्त्राकडे वळत आहे.

आणि आपण कुठे आहोत? आपण या शास्त्राच्या बाहेर कधीच नव्हतो, फक्त सगळ्यात खालच्या पायरीवर होतो. जुन्या बॅटऱ्या हाताने फोडून शिसं काढणारे कोण आहेत? मुलामा देण्याच्या कारखान्यात क्रोमियमच्या टाकीवर उभे राहणारे कोण आहेत? बॅटरी कचऱ्याचे नियम 2022 साली आले, पण भंगाराच्या गल्लीतल्या पोराच्या रक्तात शिसं आजही जातं. रसायन आपल्या अंगावर आणि त्याचं ज्ञान दुसऱ्याच्या वहीत, ही वाटणी जातीचीच आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, गटारातले मृत्यू जातीमुळे होतात, सेन्सर नाही म्हणून होत नाहीत. हे आम्हाला मान्य आहे. 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला बंदी आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना 10 लाख आणि 2023 साली 30 लाख रुपये भरपाई ठरवली. तरीही माणसं उतरवली जातात. यंत्र हातात देऊन माणूस उतरवा, असं आम्ही कदापि म्हणणार नाही. मैला यंत्रानेच उपसला पाहिजे.

पण ठेकेदार सुटतो कसा, ते पाहा. 'अचानक गॅस आला, अपघात झाला' एवढं म्हणून तो सुटतो. सेन्सर जाणणारा आपला माणूस तिथे असेल तर तो विचारेल: वायुमापक होता का? त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं? नोंदवही दाखवा. सेन्सरचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं असतं, द्रव सुकला की तो खोटा आकडा दाखवतो, हे त्याला ठाऊक असेल. मग 'अपघात' हा शब्द टिकत नाही, निष्काळजीपणा सिद्ध करता येतो. ज्ञान लढ्याची जागा घेत नाही, लढ्याला पुरावा देतं.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या सोयी मागितल्या. फक्त कला आणि कायद्याच्या पदव्यांवर समाज वर येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी वीज हा देशाच्या औद्योगिक उभारणीचा पाया मानला. आज मात्र आपली हुशार पोरं स्पर्धा परीक्षेच्या एकाच रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. अधिकारी हवेतच, पण प्रयोगशाळा रिकाम्या सोडून चालणार नाही.

म्हणून बी.एस्सी.च्या मित्रमैत्रिणींनो, विद्युत रसायनशास्त्राचं प्रकरण 'ऑप्शनला' टाकू नका. ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग आणि कलनशास्त्र एवढा पाया पक्का करा. बार्ड आणि फॉकनर यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे आणि जड आहे, म्हणून एकट्याने न वाचता गटाने वाचा. एम.एस्सी.नंतर नेट आणि गेटची वाट आहे. तमिळनाडूतल्या कराईकुडीला याच विषयाची केंद्रीय संशोधन संस्था 1953 पासून उभी आहे. तिथे अर्ज करा.

ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. प्रयोगशाळेत आपल्या पोराला उपकरणाला हात लावू दिला जात नसेल, फेलोशिप महिनोन्‌महिने अडत असेल, तर तो संघटनेचा प्रश्न आहे. जे संशोधनात पोचले आहेत त्यांनी वस्तीतल्या वाचनालयात महिन्यातून एक रविवार मराठीत शिकवावं. पोटेन्शिओस्टॅट हे या विषयाचं मुख्य उपकरण खुल्या आराखड्यांवरून कमी खर्चात जोडता येतं, ते आपल्या अभ्यासिकेत जोडू या. आणि प्रत्येक शहरातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात पालिकेला विचारावं: वायुमापक किती आहेत, आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधी झालं?

उत्तर आल्यावर ते वाचून समजणारा माणूस आपल्यातला असला पाहिजे.

जय भीम!