छापील वॅट आणि मोजलेले वॅट

प्रति,
महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली



संगणकातील वीजपुरवठा संच, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो, घरातील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, आणि त्याची निवड बहुधा त्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरून होते. 2012 च्या आदेशाने सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणी योजनेमुळे विजेचा धक्का, आग आणि अतितापन यांपासून ग्राहकाला संरक्षण मिळाले, हे ब्यूरोचे मोठे कार्य होय. परंतु संच सुरक्षित असणे आणि त्याने छापलेली शक्ती स्थिर विद्युतदाबाने देणे या दोन स्वतंत्र कसोट्या असून दुसरीचा निकाल ग्राहकापर्यंत पोहोचत नाही.

दुकानातील तपासणीने ही उणीव भरून निघत नाही. चोवीस पिनांच्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेला जोडल्यावर पंखा फिरला आणि मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले, तर संच सुरू होतो एवढेच सिद्ध होते. कारण प्रवाह जवळजवळ वाहतच नसताना निकृष्ट संचही अचूक दाब दाखवू शकतो. खरी परीक्षा भाराखाली होते, व तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड हे उपकरण वापरतात. त्यातील मॉस्फेट ट्रँझिस्टर हवा तसा बदलता येणाऱ्या रोधकाचे काम करतात, वाहणारा प्रवाह सतत मोजला जातो आणि तो ठरवलेल्या मूल्यापासून ढळताच ट्रँझिस्टरचे नियंत्रण आपोआप बदलते. खेचलेली शक्ती उष्णतारूपाने बाहेर टाकली जाते.

अशा भाराखाली काय पाहावे, हे इंटेलच्या एटीएक्स मार्गदर्शिकेने ठरवून दिले आहे. मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्त्यांनुसार 12 व्होल्टच्या शाखेवरील दाब पाच टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे 11.4 ते 12.6 व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि त्यावरील रिपल, म्हणजे एकदिश दाबात उरलेला चढउतार, 120 मिलिव्होल्टपेक्षा अधिक नसावा. 5 आणि 3.3 व्होल्टच्या शाखांना ही मर्यादा 50 मिलिव्होल्ट आहे. एका शाखेवर जड आणि दुसरीवर हलका भार ठेवल्यास, ज्या स्वस्त संचांत 12 व 5 व्होल्टचे नियमन एकत्रच होते, त्यांत एक दाब खचतो आणि दुसरा चढतो. हा दोष सर्व शाखांवर समतोल भार देऊन केलेल्या चाचणीत लपून राहू शकतो.

एकूण वॅटचा आकडाही फसवा ठरू शकतो. समजा, 450 वॅट असे छापलेल्या संचाच्या तक्त्यात 12 व्होल्टसमोर 16 अँपिअर दिले असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः ज्या शाखेवर चालतात तिला 192 वॅटच मिळतात, आणि उरलेली बेरीज आधुनिक संगणकाला तुलनेने कमी लागणाऱ्या शाखांतून आलेली असते. शिवाय चाचणीच्या वेळचे तापमानही निर्णायक असते, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण निम्मे होते. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेथे 25 अंशांवरचा निकाल पुरेसा मानता येत नाही.

म्हणून ब्यूरोने तीन गोष्टींचा विचार करावा, ही विनंती. पहिली, 12 व्होल्टच्या शाखेची सलग देता येणारी शक्ती, ती कोणत्या तापमानाला मोजली त्याच्या उल्लेखासह, वेष्टनावर ठळकपणे छापणे बंधनकारक करावे. दुसरी, 20, 50 आणि 100 टक्के भारावरील दाब, रिपल व कार्यक्षमता, तसेच विषम भाराखालील दाब, चाचणी अहवालात नोंदवावा. सुरक्षिततेसाठी तापमानवाढ मोजताना प्रयोगशाळेला संचावर भार द्यावाच लागतो, त्यामुळे त्याच मांडणीत या नोंदींचा बराच भाग घेता येईल. तिसरी, ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर नोंदणी क्रमांक टाकताच हे निकालही दिसावेत.

आज जो उत्पादक आकडा प्रामाणिकपणे कमी छापतो, तो फुगवलेल्या आकड्यापुढे किमतीत हरतो. मोजलेले आकडे उघड झाले, तर ग्राहकाइतकाच लाभ त्या उत्पादकालाही होईल.

कळावे,
संगणक ग्राहकांच्या वतीने