हरलेल्या मुलींचं कौतुक

मैत्रिणींनो, आज ना लोणचं, ना उपासाचं काही. आज बास्केटबॉल. हसू नका, पुढे वाचा.

माझी लेक अमेरिकेत आयोवा सिटीला असते. त्यामुळे तिथल्या विद्यापीठाचा मुलींचा संघ, 'हॉकआइज', आमच्याकडे घरचाच झाला आहे. या मुली २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि दोन्ही वेळा हरल्या. दोन्ही सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाले, आणि मी दोन्ही पूर्ण पाहिले. आमच्या भिशीत एकीने विचारलं, "हरणाऱ्यांसाठी कशाला झोपमोड?" तिला तिथे नीट उत्तर देता आलं नाही, कारण ताटं वाढली होती. म्हणून इथे देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हरलेल्याचं कौतुक म्हणजे सारवासारव नव्हे. २०२३ साली डॅलसमध्ये लुइझियाना स्टेटने आयोवाला १०२-८५ असं हरवलं. त्या रात्री पंचांवर फार राग निघाला. आयोवाची मुख्य खेळाडू केटलिन क्लार्क हिने चेंडू मागे टाकून दिला म्हणून तिला दंड झाला होता. निर्णय कडकच होता, मलाही तसंच वाटतं. पण मध्यंतरालाच समोरच्या मुलींचे ५९ गुण झाले होते. त्यांची जॅस्मिन कार्सन बदली म्हणून आली आणि पहिल्या अर्ध्यातच तिने २१ गुण केले. ते काही पंचांनी तिच्या खात्यात जमा केले नव्हते. सामन्याच्या शेवटी एंजल रीसने क्लार्ककडे बघून हातवारे केले, त्यावरून लोकांनी रीसला खूप झोडपलं. तेव्हा खुद्द क्लार्कने सांगितलं की त्यावरून रीसवर टीका व्हायला नको. एकवीस वर्षांच्या हरलेल्या मुलीला हे सुचलं. आपल्यापैकी किती जणींना सुचेल, ज्याचं तिने बघावं.

२०२४ चा सामना क्लीव्हलँडला होता. साउथ कॅरोलायनाचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नव्हता. आयोवाने सुरुवातीलाच १०-० अशी आघाडी घेतली. क्लार्कने एकट्या पहिल्या चरणात १८ गुण केले, सामन्यात एकूण ३०. तरी शेवटी ८७-७५. मी पडले बी.कॉम., मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. बदली खेळाडूंचे गुण पाहिले: साउथ कॅरोलायना ३७, आयोवा शून्य. म्हणजे एका घरात दहा कमावते हात आणि दुसऱ्या घरात पाच. पाच जणींनी चाळीस मिनिटं ओढलं, मग दम संपला. यात नशिबाचा काही भाग नाही. हा हिशेब समजला की समोरच्या संघाबद्दलही मनापासून चांगलं वाटतं आणि आपल्या मुलींबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. जिंकलेल्या संघाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी तर त्याच मंचावरून, हातात विजय असताना, क्लार्कचे आभार मानले की तिने हा खेळ उचलून धरला. आपण ज्याला अनुमोदना म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

आता आपल्या घरांकडे या. सीएचा निकाल लागतो त्या दिवशी पास झालेल्याच्या घरी पेढे जातात, फोन जातात, स्टेटस लागतात. जो दोन-चार गुणांनी राहिला त्याच्या दारात कोणी जात नाही. गेलंच तर दोनच वाक्यं: "पेपरच अवघड होता" किंवा "बघू, पुढच्या वेळी होईल." पहिल्याने त्याचा अभ्यास पुसला जातो, दुसऱ्याने आजचा दिवस. त्याने तीन वर्षं पहाटे चारला उठून काय केलं, हे कोणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक वाक्य तयारच असतं: "झालं ना एकदा, आता स्थळं बघू."

आयोवाच्या लोकांनी काय केलं ते पाहा. डॅलसच्या हारेनंतर सहा महिन्यांनी, १५ ऑक्टोबर २०२३ ला, याच मुलींचा एक साधा सराव सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानात ठेवला. थंडी होती, वारा होता, करंडक काही नव्हता. आले ५५,६४६ लोक. पुढच्या वर्षीचा अंतिम सामना अमेरिकेत टीव्हीवर १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याला त्याहून कमी प्रेक्षक होते, आणि असं पहिल्यांदाच घडलं.

हे प्रेम एका मुलीमुळे आलं असं समजू नका. त्या राज्यात शाळकरी मुलींचा बास्केटबॉल शंभर वर्षांचा आहे. १९२० पासून राज्य स्पर्धा होते. तेव्हा मुलींना सहा-सहा जणींचा वेगळा खेळ होता: तिघींनी पुढच्या अर्ध्यात राहायचं, तिघींनी मागच्या, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. बायकांना जास्त धावणं झेपणार नाही म्हणून हे नियम! (रेघ कोणी आखली ते विचारू नका.) १९९३ पर्यंत हे चाललं. संघाच्या आत्ताच्या प्रशिक्षक जॅन जेन्सन त्याच खेळात सामन्याला सरासरी ६६ गुण करायच्या, आणि त्यांची आजी १९२१ साली ऑड्यूबनच्या शाळेकडून खेळलेली. आजी खेळलेली असली की नातीचं हरणंही घरातलंच वाटतं.

क्लार्क आता व्यावसायिक संघात गेली. जुन्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर २४ हंगामांनंतर निवृत्त झाल्या. २०२५ च्या मार्चमध्ये नवा संघ दुसऱ्याच फेरीत ओक्लाहोमाकडून ९६-६२ असा हरला. चांगलाच हरला. त्यांच्या उंच मुलींपुढे आपल्या कमी पडल्या, हे मी लेकीला फोनवर सांगितलं, आणि नव्या मुलींची नावं वहीत लिहून घेतली.