नकाशावरचे अंतर, घरातले अंतर

दिल्लीहून सॅनफ्रान्सिस्को किती लांब? कोष्टक सांगते, सुमारे १२,४०० किलोमीटर. आकडा खरा आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सायबेरिया आणि अलास्कावरून जाईल. ही त्या दोऱ्याची लांबी. विमान मात्र त्या दोऱ्यावरून जात नाही. आम्हा बँकवाल्यांना हे नवीन नाही. जाहिरातीतला व्याजदर एक असतो आणि कर्जदाराला प्रत्यक्षात पडतो तो दुसराच!

एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढून १५,३०० च्या घरात गेली आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! कारण वारा. तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला तो वारा पाठीमागून ढकलतो.

वाऱ्यापुढे निदान कोणाचे भांडण नसते. सरहद्दींचे तसे नाही. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. शहरे होती तिथेच राहिली. अंतर तेवढे वाढले.

हे सारे सांगायचे कारण वेगळेच आहे. ‘आता जग जवळ आलंय हो, अमेरिका म्हणजे काय, एका रात्रीचा प्रवास,’ असे आपण मुलांना निरोप देताना म्हणतो. ते धीर देण्यापुरते ठीक आहे. पण घरात कोणी अत्यवस्थ झाले की खरा हिशेब सुरू होतो. विमानातले पंधरा-सोळा तास ही त्यातली फक्त मोठी रक्कम. तिकीट मिळेपर्यंतचा वेळ, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, दिल्लीहून पुण्याचे दुसरे विमान आणि तिथून साताऱ्यापर्यंतची गाडी ही रक्कम वेगळीच. पूर्वेकडे येताना घड्याळही साडेबारा-साडेतेरा तास पुढे पळते. शिवाय नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाच्या पासपोर्टावरच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर येणे तासांचे आणि परत जाणे कदाचित महिन्यांचे ठरते.

इकडे दारात जमलेले नातेवाईक विचारतात, ‘थांबायचं का त्याच्यासाठी?’ आणि तो वेळेवर पोहोचला नाही, की त्याच्या मायेचे मोजमाप होते. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझे सरळ मत आहे : ज्या घरातले मूल परदेशी आहे, तिथे हा हिशेब धडधाकट असतानाच मांडावा. मुलांनी कागदपत्रांच्या मुदती सांभाळाव्यात. आणि आपण वडीलधाऱ्यांनी, आपल्यामागे कोणी थांबायचे की नाही, हे तोंडाने स्पष्ट सांगून ठेवावे. विषय अभद्र वाटेल. पण तो आपण बोललो नाही, तर त्या रात्री तो निर्णय कोणा भांबावलेल्या पुतण्यावर पडतो, आणि त्याचा सल मात्र विमानात बसलेल्या मुलाला आयुष्यभर राहतो.