दिल्लीपेक्षा बरी म्हणजे बरी नव्हे

गेल्या हिवाळ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. तीन आठवड्यांचा खोकला, रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज आणि दोन जिने चढले की धाप. विडी-सिगारेट, तंबाखू काही नाही. उलट तब्येतीच्या बाबतीत अगदी काटेकोर. रोज सकाळी सातला बाहेर पडून मोठ्या रस्त्याच्या कडेने तासभर चालायचे, हा अनेक वर्षांचा नेम. त्यांना तपासले, फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी केली. श्वासनलिका आकसलेल्या होत्या. मी विचारले, "काका, घराजवळ बांधकाम चालू आहे का?"

काका हसले. "डॉक्टर, पुण्यात बांधकाम चालू नाही असा कोपरा दाखवा! पण आपली हवा काही दिल्लीसारखी नाही हो. त्या मानाने आपण सुखीच म्हणायचे."

हे वाक्य मी सतत ऐकतो. रुग्णांकडून, शेजाऱ्यांकडून, कधी कधी डॉक्टर मित्रांकडूनही. आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. माझे मत स्पष्टच सांगतो: या एका वाक्यामुळे आपण आपल्या हवेची चौकशी करायचेच सोडून दिले आहे. रक्तातली साखर २५० असलेल्या माणसाने "शेजाऱ्याची ४०० आहे, त्या मानाने माझी बरी" असे म्हटले तर तुम्ही त्याला काय म्हणाल? हवेच्या बाबतीत आपण नेमके तेच करत आहोत.

श्वासातून आत काय जाते?

आपण दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. अन्न निवडता येते, पाणी उकळून पिता येते. हवेला असा पर्याय नाही. समोर असेल ती घ्यावी लागते.

या हवेतले सर्वांत घातक घटक म्हणजे सूक्ष्म कण. बातम्यांत 'पीएम १०' आणि 'पीएम २.५' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण म्हणजे पीएम १०, आणि अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण म्हणजे पीएम २.५. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत पीएम २.५चे वीस-पंचवीस कण सहज ओळीने बसतील.

मोठी धूळ नाकातल्या केसांत अडकते, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडते. पीएम २.५ मात्र थेट फुप्फुसांच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचते. तिथे शिंकही पोहोचत नाही आणि खोकलाही. त्यातले अतिसूक्ष्म कण तर फुग्याची पातळ भिंत ओलांडून रक्तात शिरतात. म्हणून प्रदूषण हा फक्त छातीचा विषय राहत नाही.

'समाधानकारक' कोणासाठी?

मोबाइलवर हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, पाहता येतो. आकडा ५० ते १००च्या मध्ये असला की हिरव्या रंगात 'समाधानकारक' असे लिहून येते आणि आपण निश्चिंत होतो. आता यामागचे गणित पाहा.

आपल्या देशात पीएम २.५चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हवा 'समाधानकारक' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच मोजमापासाठी सुचवलेली पातळी १५ आहे. म्हणजे आपली 'समाधानकारक' हवा त्या पातळीच्या चौपट घाण असू शकते. आणि 'चांगली'? तीही ३०पर्यंत, म्हणजे दुप्पट. वर्षभराच्या सरासरीचेही तसेच: आपली मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची ५.

हे मापदंड ठरवणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. देशाला गाठता येईल असे उद्दिष्ट ठेवावे लागते. पण तुमच्या फुप्फुसांना ही तडजोड माहीत नाही.

दुसरी गोष्ट. निर्देशांक ही चोवीस तासांची सरासरी असते. तुम्ही संध्याकाळी सातला विद्यापीठ चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली बसच्या मागे उभे असता, तेव्हा तुमच्या नाकाशी असलेली हवा त्या सरासरीपेक्षा कितीतरी वाईट असते.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. अमुक पातळीच्या खाली अपाय होत नाही, अशी सुरक्षित रेषा पीएम २.५साठी आजवर सापडलेली नाही. उलट हृदयविकाराच्या बाबतीत स्वच्छ हवा मध्यम होताना धोका झपाट्याने वाढतो. पुढे वाईट हवा अतिवाईट होताना त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. याचा अर्थ, दिल्लीच्या निम्मे प्रदूषण म्हणजे दिल्लीच्या निम्मा धोका, असा हिशेब नाही.

हे येते कुठून?

एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर होते आणि मुंबईकर हवापालटाला इथे यायचे. २०१८ मध्ये पुण्यात नोंदवलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. हिंजवडी, खराडी, बाणेर, वाघोली असे शहर चहूबाजूंनी पसरले. घर एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला. बस वेळेवर येईल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येकाची दुचाकी, मग चारचाकी. एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना बीएस ६ हा कडक नियम लागू झाला, हे चांगलेच झाले. पण कोंडीत पाऊण तास गुरगुरत उभ्या असलेल्या हजारो गाड्या मिळून धूर सोडतातच. शिवाय टायर आणि ब्रेक झिजून उडणारे कण विजेवरच्या गाड्यांतूनही निघतात.

त्यात बांधकामांची भर. उघड्या ट्रकमधून जाणारी वाळू आणि राडारोडा, कापड न लावलेल्या इमारती, खोदून ठेवलेले रस्ते, काँक्रीटचे प्लांट. गाड्यांच्या चाकांखाली ही धूळ पुन्हा पुन्हा उडते. मग कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, थंडीत झाडून जाळलेला पालापाचोळा, बेकऱ्यांच्या भट्ट्या, डिझेलचे जनरेटर. कचऱ्यात प्लास्टिक असेल तर धूर आणखी विषारी.

पावसाळ्यात हे सगळे धुऊन निघते, म्हणून आपण विसरतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी रचना होते. वरची हवा झाकणासारखी बसते आणि धूर खालीच साठतो. पुण्याला तीन बाजूंनी टेकड्या, त्यामुळे वाऱ्यालाही फारसा वाव नाही. डिसेंबरमधल्या एखाद्या सकाळी वेताळ टेकडीवरून शहराकडे पाहा. जो करडा-तपकिरी थर दिसतो त्याला आपण कौतुकाने धुके म्हणतो.

शरीरात काय घडते?

दमा उसळतो, दीर्घकाळचा खोकला जात नाही, हे तुम्हाला माहीत असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले, आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक हृदयविकार व पक्षाघाताचे होते. कणांमुळे शरीरात सतत बारीक दाह राहतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याकडे कल वाढतो. २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक म्हणून अधिकृतपणे पहिल्या गटात टाकले गेले. तंबाखूही त्याच गटात आहे. गरोदरपणी कमी वजनाच्या बाळाचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

मृत्यूच्या दाखल्यावर मात्र आम्ही डॉक्टर 'हृदयविकाराचा झटका' लिहितो. 'हवा' असे कधी कोणी लिहीत नाही. लंडनमध्ये दम्याने दगावलेल्या नऊ वर्षांच्या एला किस्सी-डेब्रा या मुलीच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असा अधिकृत निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. त्यासाठी तिच्या आईला अनेक वर्षे झगडावे लागले. दाखल्यावर नाव येत नाही, म्हणून हा आजार आपल्याला दिसत नाही.

आता एक चांगली बातमी. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या फुप्फुसांचा अभ्यास दीर्घकाळ चालला. नियम कडक झाले, हवा सुधारली, आणि पुढच्या पिढीच्या मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली. पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता बरीच कमी असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. म्हणजे हवा सुधारता येते, आणि ती सुधारली की मुलांच्या शरीरात फरक दिसतो.

तुम्ही काय करू शकता?

• थंडीत भल्या सकाळी रस्त्याच्या कडेने चालू नका. ऊन वर आल्यावर चाला, बागेत किंवा आतल्या गल्लीत चाला. चालणे सोडू मात्र नका.

• दुचाकीवर बांधलेला स्कार्फ ऊन आणि मोठी धूळ अडवतो, पीएम २.५ जवळजवळ नाहीच. घट्ट बसणारा एन-९५ मास्क उपयोगी पडतो. दाढीवरून तो नीट बसत नाही.

• घरातला धूर आधी बंद करा. एक डासांची कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींच्या तोडीचे असतात, असे मोजमापांत आढळले आहे. मच्छरदाणी लावा. बंद खोलीत धूप-उदबत्ती नको. फोडणी देताना खिडकी उघडा, पंखा लावा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

• दमा असेल तर इन्हेलर मनाने बंद करू नका. "सवय लागते" हा गैरसमज आहे. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून कमी मात्रेत काम होते. फ्लूची लस घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

• छातीत दडपण, बोलताना धाप, ओठ निळसर पडणे यातले काहीही दिसले तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

जे घरात होणार नाही

वरची यादी देताना मला थोडा संकोच वाटतो. चौकात आठ तास उभा राहणारा वाहतूक पोलीस कुठे खिडकी बंद करणार? बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने हवा शुद्ध करणारे यंत्र कुठून आणायचे? रिक्षावाले, सुरक्षारक्षक, रस्ते झाडणाऱ्या ताई यांना सल्ला देऊन काय उपयोग? ज्यांना परवडते त्यांनी दारे लावून घ्यायची आणि बाकीच्यांनी श्वास घ्यायचा, हा काही उपाय नव्हे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात पुणेही आहे. पण शहराची कामगिरी मोजताना भर मुख्यतः पीएम १०वर राहिला आहे. मग झाडण्याची यंत्रे येतात, पाणी फवारले जाते. धूळ कमी व्हायलाच हवी. पण सर्वांत घातक कण बहुतांशी जळण्यातून येतात, आणि ते झाडूने जात नाहीत. त्यासाठी भरपूर आणि वेळेवर बस हव्यात, मेट्रोपर्यंत चालत जाता येईल असे पदपथ हवेत, कचरा पेटवणे खरोखर थांबायला हवे. नवा उड्डाणपूल झाला की नव्या गाड्या येतात; बस वाढली की गाड्या कमी होऊ शकतात. मला विचाराल तर पुण्यासाठी सर्वांत स्वस्त दम्याचे औषध म्हणजे दर पाच मिनिटांनी येणारी बस.

नगरसेवक मत मागायला आले की रस्ता, पाणी, कचरा विचारता तसे हवेबद्दलही विचारा. सोसायटीच्या बैठकीत शेजारच्या बांधकामाला कापड आणि पाण्याचा फवारा आहे का, हा विषय घ्या. पालापाचोळा जाळू नका, खत करा.

काकांची तब्येत आता बरी आहे. इन्हेलर चालू आहे, फिरायची वेळ त्यांनी बदलली, खोकला थांबला. त्यांच्या इमारतीशेजारच्या टॉवरचे काम मात्र अजून दोन वर्षे चालेल. मागच्या भेटीत ते म्हणाले, "आम्ही सोसायटीतल्या तीस जणांनी सह्या करून अर्ज दिला. आता जाळी लावली त्यांनी." दिल्लीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.