आवडती गाणी कुणाच्या आवडीची?

परवा भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गांधीबागेत गेलो होतो. गादीवर साड्यांचा ढीग, आणि दुकानातल्या रेडिओवर जुनी गाणी. सोबतच्या वहिनी मान डोलवत म्हणाल्या, "जुनं ते सोनं!" खरंय. पण मैत्रिणींनो, त्या काळी निघालेली इतर शेकडो गाणी कुठे गेली?

1952 साली आकाशवाणीने सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दारच लावलं आणि घरोघरचे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारची रात्र म्हणजे गीतमाला! गाण्यांचा नंबर ठरायचा रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर. आता सांगा, रेकॉर्ड घ्यायचे पैसे घरात कुणाच्या हातात असायचे? श्रोता संघाच्या बैठकीला आपली आजी जायची का? ती ऐकायची, पण चुलीपाशी बसून. काही बायांनी पत्रं पाठवलीही असतील, नाही म्हणत नाही. पण तिच्या आवडीची मोजदाद फारशी झाली नाही, असंच मला वाटतं.

एकदा वर गेलेलं गाणं मग वरच राहतं. वाजतं म्हणून आठवतं, आठवतं म्हणून फर्माईश होते, फर्माईश होते म्हणून पुन्हा वाजतं. 2017 मध्ये 'सारेगामा कारवाँ' हा डबा आला. आत 5000 गाणी, तीही त्या कंपनीच्याच साठ्यातली. आईबाबांना भेट म्हणून आपण तो हौसेने दिला. त्यात गीतमालाही आहे, म्हणजे तेच जुने नंबर पुन्हा घरात!

आणि आपली भुलाबाईची गाणी? भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जाऊन म्हणायच्या, मग खिरापत ओळखायची. सासर-माहेर, रुसवेफुगवे, सासूची थट्टा, सगळं त्यात. त्यांना ना खप, ना नंबर. तरी ती टिकली, कारण दरवर्षी कुणीतरी म्हणत होतं. म्हणणं थांबलं की ती गेलीच. त्यांच्यासाठी कुठलं केंद्र फर्माईश घेणार?

दुकानातच वहिनींना म्हटलं, एखादं म्हणा ना. त्यांनी लाजत लाजत तीन ओळी म्हटल्या आणि अडल्या. मागे नऊवारी बघत बसलेल्या एका आजींनी तिथूनच चौथी ओळ उचलली. दुकानातला पोरगा हातातली घडी तशीच धरून ऐकत राहिला. पाचवी ओळ मात्र आम्हा तिघींपैकी कुणालाच येईना.