कानातली कविता, डोळ्यांपुढची अक्षरे

तिसरीत शिकणारी मुलगी पाहुण्यांपुढे उभी राहते, हात मागे बांधते आणि पाठ्यपुस्तकातील कविता एकही शब्द न चुकता म्हणून दाखवते. घरातील मंडळींना कौतुक वाटते. आजोबा मात्र चष्मा सावरून पुस्तक तिच्यापुढे धरतात, तिसऱ्या कडव्यातील एका शब्दावर बोट ठेवतात आणि विचारतात, “बाळा, हा शब्द कोणता?” मुलगी गोंधळते. “आजोबा, सुरुवातीपासून म्हणू का?” असे म्हणून ती पहिल्या ओळीपासून पुन्हा गाऊ लागते. तो शब्द तोंडातून केव्हा निघून गेला, हे तिला कळतही नाही.

घर बारामतीच्या बाजारपेठेतील असो की इंदापूरच्या, हा प्रसंग व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर तो हमखास येतो. मराठी त्याच्या कानावर दिवसभर असते, डोळ्यांसमोर मात्र आठवड्यातील मोजक्या तासांनाच. अशा वेळी पालक दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. काहींना वाटते, कविता येते म्हणजे वाचन आले. काहींना वाटते, पाठांतर ही पोपटपंची आहे. ती थांबवून बाराखडी घोटून घ्यावी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी अधिक नुकसानकारक आहे, कारण ती मुलाच्या गाठीचे भांडवल फेकून द्यायला सांगते.

नव्याने वाचू लागलेल्या मुलाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. अक्षर ओळखायचे आणि त्या अक्षरांतून कोणता शब्द तयार होतो तेही शोधायचे. अनोळखी उताऱ्यात दुसऱ्या अक्षरापर्यंत जाताना पहिले विसरते. पाठ असलेल्या कवितेत शब्द आधीच ठाऊक असतो. सारे लक्ष अक्षरांकडे देता येते. शिवाय चूक झाली तर ती सांगायला शिक्षक लागत नाही. रोजमेळ जुळला नाही की मुनिमाला जसे तत्काळ कळते, तसे बोटाखालचा शब्द आणि तोंडातला शब्द जुळला नाही की मुलाला स्वतःलाच खटकते. कवितेचा हा उपयोग शाळांतून क्वचितच होतो. कविता चालीवर म्हटली जाते, मग तिच्याखालचे प्रश्न फळ्यावरून उतरवून घेतले जातात आणि पुढचा पाठ सुरू होतो.

ऑक्सफर्डमधील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या अभ्यासकांनी १९८३ साली याविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांची यमकाची जाण त्यांनी तपासली आणि पुढील काही वर्षे त्यांच्या वाचनाकडे लक्ष ठेवले. ज्यांचा कान यमकाला लवकर जागा झाला होता, ती मुले पुढे वाचनातही सरस ठरली. त्याहून बोलका होता त्यांचा दुसरा प्रयोग. कान कच्चा असलेल्या ६५ मुलांचे गट करून त्यांनी एका गटाला केवळ ध्वनींचे खेळ शिकवले, तर दुसऱ्या गटाला तेच खेळ प्लास्टिकची अक्षरे हाती देऊन शिकवले. वाचन आणि शुद्धलेखन या दोहोंत सर्वाधिक प्रगती अक्षरे हाताळणाऱ्या गटाची झाली. नुसता कान तयार करून भागत नाही. ऐकलेला ध्वनी अक्षराच्या रूपात डोळ्यांना दिसावा लागतो.

जैन कुटुंबात याची सोय मूल शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते. णमोकार मंत्राची पाच पदे आणि ३५ अक्षरे अनेक मुलांना अक्षरओळखीच्या आधी मुखोद्गत असतात. पाचही पदांचा आरंभ एकाच शब्दाने होतो. मोठ्या अक्षरांत लिहिलेला मंत्र समोर ठेवून बोट फिरवीत म्हटला, तर पाच ओळींच्या आरंभी तोच आकार पुन्हा पुन्हा येतो, हे चार वर्षांच्या मुलाच्याही ध्यानात येते. ‘ण’ आणि ‘मो’ ही त्याची पहिली अक्षरे ठरू शकतात. मंत्राचा असा अभ्यासासाठी उपयोग काही ज्येष्ठांना रुचणार नाही. परंतु पाठशाळेत स्तोत्रे घडाघडा म्हणणारे मूल मोठेपणी ग्रंथ उघडल्यावर अडखळते, ही गोष्ट त्याहून अधिक खेदाची नाही काय?

बारामतीला तर या विषयाचा वारसाच आहे. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. पुढे ते बारामतीस आले आणि येथील सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून राहिले. १७९४ साली येथेच त्यांचे निधन झाले. एका सावकाराच्या वाड्यात मराठीतील एक मोठा पंडित कवी पोसला गेला, ही गोष्ट व्यापारी समाजाने विसरू नये. त्यांच्या काव्याचे पुष्कळसे श्रोते निरक्षर होते. कविता कानाने कानांपर्यंत पोहोचत होती. आज मूल शाळेत जाते, पुस्तक हाती असते, तरीही कविता कानापाशीच थांबत असेल, तर मध्ये लोटलेल्या सव्वादोनशे वर्षांचा लाभ काय झाला, असा प्रश्न पडतो.

आठ वर्षांच्या मुलापुढे ‘केकावली’ ठेवावी, असे कोणी सुचवणार नाही. तिची संस्कृतप्रचुर भाषा थोरांनाही दमवते. पण पंतांची अक्षरक्रीडा मुलांसाठी मोठी गमतीची आहे. त्यांनी १०८ रामायणे रचली, असे सांगतात. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ भिडतील अशी अक्षरे टाळलेली आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही! हाच खेळ किराणा दुकानात मांडता येतो. मुलाच्या हाती आरसा द्यावा आणि डब्यांवरची नावे वाचायला सांगावीत. साखर, डाळ, जिरे, हळद, तीळ म्हणताना ओठ भिडत नाहीत. मीठ, पोहे, बाजरी, भगर, मोहरी म्हणताना भिडतात. नावांच्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग केले की पवर्ग पाठ करून घ्यावा लागत नाही. ‘गूळ’ कोणत्या ढिगात घालावा यावर मात्र वाद होतो, कारण ओठ गोल होतात पण एकमेकांना लागत नाहीत. व्याकरणकार उकारालाही ओष्ठ्य मानतात, हे मुलाला तेव्हा सांगितले तर ते जन्मभर विसरणार नाही.

गुळावरूनच आणखी पुढे जाता येते. गूळ, मूळ, धूळ, खूळ ही एका यमकाची बिऱ्हाडे. एकच अक्षर बदलले की नवा शब्द वाचता येतो, हे मुलाला येथे दिसते. त्यांत मुद्दाम ‘फूल’ मिसळावे. कान तयार झालेले मूल ते लगेच बाजूला काढते आणि ल-ळ यांतील भेद, जो हिंदी व इंग्रजीच्या सहवासात पुसट होत चालला आहे, तो ठळक होतो. पंत प्रसिद्ध आहेत ते आर्येसाठी, आणि आर्या मात्रांवर चालते. ह्रस्वाची एक टाळी, दीर्घाच्या दोन. ‘गूळ’ म्हणजे तीन टाळ्या. ‘गुळाचा’ म्हटले की आरंभीच्या दीर्घाचा ह्रस्व होतो. मूल-मुलाला, फूल-फुलाचा यांतही तेच. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने दहा वेळा दुरुस्त केलेली वेलांटी-उकाराची चूक टाळ्यांनी लवकर सुधारते. पद्यात कवीला ह्रस्व-दीर्घाची सूट असते, म्हणून शब्द निवडताना मोठ्यांनी थोडी काळजी घ्यावी, इतकेच.

बारामतीपासून जवळच असलेल्या फलटणला या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन तेथे बोलीच्या अभ्यासासाठी आल्या आणि फलटणच्याच झाल्या. प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली सुरू झालेले कमला निंबकर बालभवन ही त्यांच्या कार्याची फळे होत. संपूर्ण बाराखडी संपेपर्यंत मुलाला ताटकळत न ठेवता, थोडी अक्षरे शिकवून त्यांतूनच शब्द वाचायला लावायचे, हे त्यांच्या वाचनशिक्षणाचे सूत्र. कवितेला ते सहज लागू पडते. आठ ओळींची एक कविता घ्यावी. पहिले दोन दिवस केवळ म्हणावी. नंतर ओळींच्या कागदी पट्ट्या कापून त्या मिसळाव्यात आणि मुलाला क्रमाने लावायला द्याव्यात. ओळी जुळू लागल्या की एका ओळीचे शब्द सुटे करावेत. शेवटी कवितेतील एखादा शब्द भलत्याच जागी, पोत्यावर किंवा दुकानाच्या फलकावर दाखवावा. तो तेथेही वाचता आला तरच तो शब्द कवितेबाहेर मुलाच्या मालकीचा झाला, असे समजावे. यातील शेवटची पायरी बहुतेक घरी राहून जाते. वरील प्रसंगातील मुलगी नेमकी तेथेच अडली होती.

हा प्रश्न एकट्या सुखवस्तू घरांचा नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून एक साधी कसोटी लावली जाते: मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का? २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना तो वाचता आला नाही. हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या झोपड्या उभ्या राहतात. त्यांची मुले गावची शाळा अर्ध्यावर टाकून आलेली असतात. पुस्तक मागे राहते. आईच्या ओव्या आणि खेळांतली गाणी मात्र त्यांच्याबरोबर येतात. आठवड्याच्या बाजाराला ही मुले आईचा पदर धरून किराणा दुकानात येतात आणि आई हिशेब करीत असताना गल्ल्याशेजारी उभी राहतात. तेथे एक जाड पुठ्ठा टांगून त्यावर चार ओळींचे एखादे परिचित गाणे ठळक देवनागरीत लिहिले, तर दुकानदाराचा खर्च एका खडूचा आहे. दर आठवड्याला गाणे बदलावे, आणि ते लिहिण्याचे काम घरातील तिसरीच्या मुलीकडे द्यावे. लिहिताना ती मध्येच थांबेल आणि विचारेल, “आजोबा, ‘धूळ’ला पहिला उकार की दुसरा?” त्यांनी उत्तर देण्याची घाई करू नये. टाळ्या तिला ठाऊक आहेत.